रिटायर झाल्यावर वाचू

"आत्ता कुठे वेळ आहे? रिटायर झाल्यावर निवांत वाचू." हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल याची गणतीच नाही. ऑफिसात डबा खाताना, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत. कुणाला पुस्तक भेट दिलं की हमखास! आता माझीच निवृत्ती चौदा महिन्यांवर आली आहे, आणि या वाक्याकडे मी जरा संशयाने बघायला लागले आहे. असं खरंच कुणी केलंय का? जन्मभर नोकरी करून मग पुस्तकांत रमलेली माणसं इतिहासात सापडतात का? सापडली तर त्यांनी नेमकं काय केलं, आणि निवृत्तीच्या आधी काय केलं होतं?

इतिहास हा माझा जुना नाद. त्यामुळे शोधायला निमित्तच मिळालं. गेले दोन-तीन महिने हाच उद्योग चालू आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे 'निवृत्ती' हा प्रकारच तसा नवा आहे. शेतकरी, सुतार, भटजी, आजी यांना कुठली आली निवृत्ती? हातपाय चालतात तोवर काम, मग ओसरी. आपल्याकडे वानप्रस्थ होता म्हणा. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी असं मनुस्मृतीत आहे. गंमत म्हणजे तिथे वानप्रस्थाला नुसतं बसून राहायला सांगितलेलं नाही. त्याने नित्य स्वाध्यायात मग्न असावं असं म्हटलं आहे. स्वाध्याय म्हणजे अर्थात वेदपठण, कादंबऱ्या नव्हेत. पण लक्षात घ्या, स्वाध्याय सुरू होतो ब्रह्मचर्याश्रमात. गुरूकडे शिकलेलं गृहस्थाश्रमात चालू ठेवायचं आणि तेच पुढे अरण्यात न्यायचं. अरण्यात जाऊन श्रीगणेशा करायचा, अशी कल्पना तिथेही नाही.

ठरावीक वयाला काम थांबवायचं आणि दरमहा पैसे घ्यायचे हे मात्र अगदी अलीकडचं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वृद्धांच्या विम्याचा कायदा झाला, त्यात वय होतं ७०. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. म्हणजे आपण ज्याला जन्मसिद्ध मानतो तो 'निवांत' काळ दीड-दोन पिढ्यांपूर्वी फारच थोड्या लोकांच्या वाट्याला येत होता.

त्या थोड्यांपैकी दोघांच्या निवृत्तीच्या तारखा बघून मी चमकले. एकाची १८२५, दुसऱ्याची १९२५. बरोबर शंभर वर्षांचं अंतर.

पहिला चार्ल्स लॅम. शाळा-कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना त्याचे निबंध आठवतील, निदान शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी तरी (त्या त्याने आणि त्याची बहीण मेरी हिने मिळून १८०७ मध्ये लिहिल्या). हा माणूस पोटासाठी काय करत होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिशेबनीस होता! १७९२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी चिकटला आणि ३३ वर्षं चहा, नीळ, कापड यांच्या विक्रीचे आकडे वह्यांत मांडत बसला. आपली खरी ग्रंथसंपदा म्हणजे कंपनीच्या फळ्यांवरच्या त्या हिशेबाच्या वह्या, असं तो थट्टेने म्हणायचा. घरची परिस्थिती फार बिकट. मेरीला वेडाचे झटके येत. १७९६ मध्ये तशाच एका झटक्यात तिच्या हातून आईचा जीव गेला. त्यानंतर लॅमने लग्न न करता जन्मभर बहिणीला सांभाळलं. नोकरी सोडणं त्याला शक्यच नव्हतं.

तरी तो वाचत होता. रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, डोळे आणि डोकं शिणवून. जुनी, लोक विसरून गेलेली इंग्रजी नाटकं हा त्याचा खास नाद. १८०८ साली त्याने त्या नाटकांतल्या वेच्यांचं एक पुस्तक संपादित केलं. म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या बाजूने ही दुसरी वहीही चालू होती.

मार्च १८२५ मध्ये कंपनीने त्याला वर्षाला ४४१ पौंडांचं पेन्शन देऊन मोकळं केलं. वय ५०. दोन महिन्यांच्या आत त्याने या अनुभवावर निबंध लिहिला आणि तो छापूनही आला. तो मिळवून वाचाच, विशेषतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल तर. सुटका झालेल्या माणसाचा निर्भेळ आनंद असेल असं वाटतं, पण तो आधी गोंधळलेलाच आहे. चाळीस वर्षांनी तुरुंगातून बाहेर आलेल्या कैद्यासारखा. वार कुठला ते कळत नाही. ज्या रविवारची सहा दिवस वाट बघायची तो रविवार इतर वारांसारखाच होऊन बसला. जुन्या सोबत्यांना भेटायला तो कचेरीत जातो, आपलं टेबल, आपली खुंटी आता दुसऱ्याची झालेली बघतो, आणि त्याला कसंसंच होतं. आमच्या ऑफिसात निवृत्त झालेले एक साहेब दर महिन्याला काहीतरी काम काढून यायचे, त्यांची आठवण झाली.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्याने पुढे केलं ते. दुसऱ्या वर्षी, १८२६ मध्ये, तो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊ लागला. तिथे गॅरिक या मोठ्या नटाने मागे ठेवलेला जुन्या नाटकांचा संग्रह होता. ती सगळी एका बाजूने वाचून काढायची असं त्याने ठरवलं. वेळ दहा ते चार! एका मित्राला पत्र लिहून त्याने कळवलं की ही आता माझी कचेरीच झाली आहे, तास तेच, आणि हे मला मानवतं. ज्याला नेमाची सवय आहे त्याला नेमाचं काहीतरी काम लागतंच. त्या वाचनातून निवडलेले वेचे १८२७ मध्ये एका साप्ताहिकातून छापून आले.

बघा म्हणजे. ज्या दहा-ते-चारला तो ३३ वर्षं शिव्या घालत होता, तीच चौकट त्याने आपणहून पुन्हा मागून घेतली. आतला माल तेवढा बदलला. आणि तो मालही नवा नव्हता. अठरा वर्षांपूर्वी कचेरीतून आल्यावर रात्री जे वाचत होता, तिथूनच त्याने धागा उचलला.

आता दुसरी निवृत्ती. लॅम कंपनीच्या वह्या भरत होता त्याच काळात, १८१८ मध्ये, त्याच कंपनीने इकडे पेशवाई बुडवली. राज्याबरोबर पेशव्यांचे कागदही कंपनीच्या ताब्यात गेले. मोडीत लिहिलेले जमाखर्च, पत्रं, बातम्या, सनदा यांचे फडक्यात बांधलेले हजारो गठ्ठे. त्यांना रुमाल म्हणतात. हे पेशवे दफ्तर पुण्यात सरकारी बंदोबस्तात पडून होतं, आणि अभ्यासकांना ते नीट बघायला मिळावं यासाठी कित्येक वर्षं ओरड चालू होती. ते शेवटी ज्या माणसाच्या हाती आलं तो पेन्शनर होता, ही या गोष्टीतली मजा.

गोविंद सखाराम सरदेसाई. रियासतकार. जन्म १८६५, रत्नागिरीकडच्या गोविल गावचा. मुंबई विद्यापीठाचे बी.ए. होऊन १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत लागले (बिस्मार्कच्या कायद्याचंच साल!). हुद्दा होता रीडर, म्हणजे महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची. काय नोकरी आहे नाही? आपल्याला वाटेल, नशीबवान माणूस. पण दुसऱ्याच्या आवडीचं, दुसऱ्याच्या वेळेला, मोठ्याने वाचायचं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचं कामही आलं, महाराजांबरोबर विलायतेच्या वाऱ्या झाल्या, कारकुनी झाली. सयाजीराव स्वतः वाचनाचे मोठे भोक्ते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानभर वाचनालयं काढली, ज्या गावांत वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. अशा राजाच्या पदरी असणं म्हणजे कामाला तोटा नाही.

या धबडग्यात सरदेसायांनी एक गोष्ट केली. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही, म्हणून ते जे वाचत त्याची टिपणं काढत गेले. त्या टिपणांतून १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' झाली. १९०२ मध्ये 'मराठी रियासती'चा पहिला भाग आला. मग पुढचे भाग, पुढची दुरुस्ती, नवीन कागद सापडला की पुन्हा दुरुस्ती. नोकरी छत्तीस वर्षं, आणि तिच्या पोटात हे दुसरं काम बिनबोभाट वाढत होतं.

१९२५ मध्ये साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले. पुण्याला न राहता त्यांनी कामशेतला बिऱ्हाड केलं. मावळात, मुंबई-पुणे रेल्वेच्या वाटेवर, इंद्रायणीकाठचं तेव्हाचं छोटंसं गाव. वाटतं की आता आरामखुर्ची, इंद्रायणीचा वारा आणि पुस्तक. पण तसं सुखासुखी काही नव्हतं. शांतिनिकेतनात शिकलेला श्यामकांत हा त्यांचा मुलगा ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्रं पुढे 'श्यामकांतची पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने आली. उतारवयात बापाच्या हाती मुलाची पत्रं यावीत... याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही.

आणि मग पेशवे दफ्तर. कलकत्त्याचे इतिहासकार जदुनाथ सरकार हे सरदेसायांचे घनिष्ठ मित्र. त्यांच्या आग्रहामुळे मुंबई सरकारने दफ्तरातले कागद निवडून छापायचं काम सरदेसायांवर सोपवलं. पुण्यातल्या काही संशोधकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. तरी १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' याचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. पंचेचाळीस! वय ६५ ते ६९. हजारो रुमाल सोडायचे, मोडी वाचायची, निवडायचं, तारखा लावायच्या, मुद्रितं तपासायची. नंतर ८१ वर्षांचे असताना, १९४६ पासून दोन वर्षांत, मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत. १९५६ मध्ये 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र. १९५७ मध्ये पद्मभूषण. १९५९ मध्ये कामशेतलाच ते गेले, ९४ वर्षांचे होऊन. निवृत्तीनंतर चौतीस वर्षं! नोकरी केली छत्तीस. म्हणजे जवळजवळ दुसरी अख्खी नोकरी झाली, फक्त मालक कुणी नव्हता.

जदुनाथांचंही तेच. औरंगजेबाच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी नोकरीत असताना लिहिले, १९१२ ते १९२४ या काळात. १९२६ मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मोगल साम्राज्याच्या पतनाचे चार खंड लिहिले, पहिला १९३२ मध्ये, चौथा १९५० मध्ये, ऐंशीच्या घरात असताना. हे दोघं जवळजवळ पन्नास वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत होते. एक मराठी, एक बंगाली, पत्रव्यवहार इंग्रजीत. ही तारीख जुळत नाही, तो कागद पाहिलात का, हा फारसी शब्द असा लागतो... ती पत्रं पुढे छापलीही गेली. मला वाटतं, त्यांच्या दीर्घ वाचनायुष्याचं अर्धं रहस्य या पत्रांत आहे. आज वाचलेलं उद्या कुणाला तरी सांगायचं आहे आणि तो चूक काढणार आहे, हे माहीत असलं की पान आपोआप नीट वाचलं जातं.

आता घरातली गोष्ट. आमचे आप्पा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घरातल्या मंडळींना त्यांची ती लाकडी फडताळं आठवत असतीलच. आप्पांना पुस्तकांची फार हौस. दर दिवाळीला बोनस हातात आला की एक-दोन पुस्तकं यायचीच. रियासतीचे आठ खंड त्यांनी असेच एकेक करून जमवले होते. प्रत्येकाला खाकी कव्हर, कण्यावर सुवाच्य अक्षरात नाव. "रिटायर झालो की पहिल्यापासून सुरू करणार" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरी करताना वाचत नसत, कारण त्यांच्या मते असं तुटक वाचणं म्हणजे पुस्तकाचा अपमान. वाचायचं तर सलग, निवांत, स्वच्छ बैठक मारून.

निवृत्त झाल्यावर त्यांनी खरोखर सुरुवात केली. पहिला खंड जवळजवळ अर्धा झाला. मग दुपारी पेंग यायला लागली. मग मोतीबिंदू. ऑपरेशन चांगलं झालं, चष्मा बदलला, पण खंड काही पुन्हा उघडला गेला नाही. वर्तमानपत्र मात्र रोज पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचायचे. वाचनालयातही जायचे, तिथल्या लांबट टेबलावर चार समवयस्कांबरोबर बसून तीच वर्तमानपत्रं पुन्हा. आई गमतीने म्हणायची, "एवढं तर परीक्षेलाही वाचलं नसेल." मला तेव्हा कळायचं नाही की डोळे वर्तमानपत्राला चालतात तर रियासतीला का चालत नाहीत?

आता थोडं कळतं. वर्तमानपत्र रोज संपतं. ते कधी वाचायचं हे ठरलेलं असतं. त्यावर बोलायला टेबलावर माणसं असतात. लॅमला म्युझियमने जे दिलं आणि सरदेसायांना जदुनाथांच्या पत्रांनी जे दिलं, ते आप्पांना वर्तमानपत्राने दिलं. रियासतीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त वेळ. आणि चाळीस वर्षं जपून ठेवलेली फार मोठी अपेक्षा. तिचंच बहुधा ओझं झालं असावं. सुट्टीच्या दिवशी दहा पानं वाचायची सवय असती तर दुपारच्या पेंगेतूनही दहा पानं झालीच असती, असं मला वाटतं. आप्पा आळशी नव्हते हो. उलट फार नेकीने थांबून राहिले.

याच्या उलट उदाहरण म्हणजे महामहोपाध्याय पां. वा. काणे. मुंबईत वकिली करणारे गृहस्थ. 'व्यवहारमयूख' या जुन्या ग्रंथाची आवृत्ती करत होते, तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची छोटीशी प्रस्तावना जोडावी असं मनात आलं. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांची झाली! साडेसहा हजारांवर पानं. पहिला खंड १९३० मध्ये, शेवटचा भाग १९६२ मध्ये, काणे ८२ वर्षांचे असताना. मधल्या काळात वकिली, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद, राज्यसभा सगळं झालं. १९६३ मध्ये भारतरत्न. वानप्रस्थाश्रमाचा इतिहास ज्यात आहे तो दुसरा खंड १९४१ मध्ये आला तेव्हा ते स्वतः एकसष्ट वर्षांचे होते, आणि अरण्यात जायची काही चिन्हं नव्हती. त्यांचं अरण्य म्हणजे मुंबईच्या टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय.

आता इथवर वाचून आमच्या बहिणी-भावजया म्हणतील, हे सगळे पुरुष! बरोबर आहे. रुमाल सोडणाऱ्याला चहा कोण आणून देत होतं, हे इतिहासात नोंदलेलं नसतं. बाई ऑफिसातून निवृत्त होते, ओट्यापाशी नाही. उलट "आता काय, तू घरीच असतेस" म्हणून चार कामं वाढतात. माझ्या दोन मैत्रिणींचं असंच झालंय. एकीकडे नातू, दुसरीकडे सासूबाई, आणि दुपारी जरा पुस्तक हातात घेतलं की बेल वाजते. वाचायला घराबाहेर जायचं हाच त्यावर उपाय, असं मला दिसतं. त्याच एशियाटिकच्या ग्रंथालयात दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं जाऊन वाचत बसायच्या, अगदी उतारवयातही. आणि त्यांना स्वयंपाकाचं वावडं नव्हतं बरं का, 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तक आहे त्यांचं! पण वाचनाची जागा ग्रंथालयात आणि स्वयंपाकाची घरात. दोन्हींची सरमिसळ नाही.

या सगळ्यांत मला एकही माणूस असा सापडला नाही ज्याने निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पहिलं पुस्तक उघडलं. सगळे आधीच कुठल्यातरी पुस्तकाच्या मध्यावर होते. निवृत्तीने त्यांना दिवसाचे तास वाढवून दिले, एवढंच. आणि 'भरपूर वाचायचं' असं मोघम कुणी ठरवलेलं दिसत नाही. लॅमची जुनी नाटकं, सरदेसायांचे मराठे, काण्यांचं धर्मशास्त्र. एक खुंटी पक्की, मग तिच्यावर काय काय अडकवाल ते.

अर्थात आपण काही सरदेसाई नव्हे. पंचेचाळीस भाग कुणी मागितलेले नाहीत, सुदैवाने. पण त्यांच्याकडून उचलण्यासारखं बरंच आहे, ते मी चौदा महिने आधीच उचलायचं ठरवलं आहे.

वेळ: रोज रात्री साडेनऊ ते सव्वादहा. टीव्हीच्या खोलीत नाही. मे महिन्यापासून हे चालू आहे, पाहुणे आले ते दिवस सोडून. निवृत्तीनंतर हेच हलवून सकाळी अकरा ते एक, गावातल्या वाचनालयात. घरात आत्तापासूनच सांगून ठेवलंय की अकरा ते एक मी 'ड्यूटीवर' असणार. सूनबाई हसली, पण तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

डोळे: तपासून घेतले. टेबलाशी चांगला दिवा घेतला. आप्पांच्या वेळी या गोष्टीला कुणी महत्त्वच दिलं नव्हतं.

माणूस: माझी कॉलेजातली मैत्रीण नागपूरला असते. दर रविवारी फोनवर एकमेकींना आठवड्याचं वाचन सांगायचं असं ठरलंय. ती आधीची शिक्षिका, त्यामुळे टंगळमंगळ लगेच पकडते.

आणि खुंटी. आप्पांच्या फडताळात रियासतीच्या मागे एक पिशवी सापडली. आमच्या कोकणातल्या घराचे जुने कागद, पणजोबांच्याही आधीचे, सगळे मोडीत. आप्पांनी ते जपून ठेवले होते, पण त्यांनाही मोडी येत नव्हती. तेव्हा मी मोडी शिकते आहे. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली सगळं लिहीत जायचं, अशी ती लिपी. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विराम नाही. लिहिणाऱ्याला सोयीची आणि वाचणाऱ्याची सत्त्वपरीक्षा! ४५ भाग काढणाऱ्या माणसाबद्दलचा माझा आदर पहिल्या आठवड्यातच दसपट झाला.

सोबतीला रियासतही चालू आहे. आप्पांनी जिथे सोडली तिथून नव्हे, पहिल्या पानापासून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सलग नाही, तुटक तुटकच. रोज दहा-बारा पानं. पुस्तकाने अजून तरी अपमान मानलेला दिसत नाही.

कागदांचं म्हणाल तर तासाला तीन ओळी हा सध्याचा वेग आहे. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा एक अख्खी ओळ न अडखळता लागली. कुणीतरी कुणाचं तरी दोन मण भात देणं लागतो, एवढंच आहे तिच्यात. कोण कुणाचं, ते अजून लागायचंय.